पतसंस्थांचे आकडे दर तिमाहीला, एकाच साच्यात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या वार्षिक सभांचा सीझन आहे, 30 सप्टेंबरच्या आत सभा उरकायच्या म्हणून घरोघरी अहवालांची पुस्तकं यायला लागलीत. माझ्या आत्याची सगळी पुंजी आमच्या पेठेतल्या एका पतसंस्थेत आहे. तिनं विचारलं, "ठेवीची पावती रिन्यू करू का दुसरीकडं टाकू, तिकडं अर्धा टक्का जादा देतात म्हणे." मी अकाउंट्सचं काम करतो, म्हटलं दोन दिवस दे, बघून सांगतो. पाच संस्थांचे तीन-तीन वर्षांचे अहवाल गोळा केले आणि एक्सेलमध्ये भरायला बसलो.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. फॉर्म्युला लावायला पाच मिनिटं पुरतात हो, पण आकडेच एका मापाचे नाहीत. एकीनं एनपीए, म्हणजे थकून अडकलेलं कर्ज, ढोबळ दिलाय, दुसरीनं तरतूद (बुडेल म्हणून बाजूला काढलेली रक्कम) वजा करून निव्वळ, तिसरीनं नुसतंच "थकबाकी प्रमाण", ते कशाशी भागलंय ते कुठंच लिहिलेलं नाही. एका ताळेबंदात थकीत कर्जाचं व्याज जिंदगी (मालमत्ता) बाजूला येणे म्हणून आणि तेवढीच थकव्याज तरतूद देणे बाजूला, म्हणजे ताळेबंद दोन्हीकडनं फुगलेला, आणि शेजारच्या संस्थेनं ती रक्कम धरलेलीच नाही, मग एकूण मालमत्तेशी काढलेलं कुठलंच प्रमाण शेजारी-शेजारी ठेवता येईना. शेवटी एकेक आकडा हातानं वजा केला. त्यात स्कॅन केलेली पीडीएफ, 3 आहे का 8 ते बघायला मोबाइल झूम करून बसायचं.

अमेरिकेत क्रेडिट युनियन म्हणजे आपल्या पतसंस्थेचंच भावंड, सभासदांचीच संस्था. तिथं प्रत्येक युनियनला दर तीन महिन्यांनी ठरलेल्या फॉर्ममध्ये आकडे नॅशनल क्रेडिट युनियन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी नियामकाला द्यावे लागतात, आणि ते सगळे वेबसाइटवर कुणालाही फुकट डाउनलोड करता येतात. थकबाकी कधीपासून धरायची, निव्वळ मत्ता (संस्थेचा स्वतःचा पैसा) कशाला म्हणायचं, व्याख्या सगळ्यांना एकच. त्याच साइझच्या बाकी युनियनची सरासरीसुद्धा बाजूला बघायला मिळते. मग कुठलंही सॉफ्टवेअर लावा, ते चालतं, कारण खाली डेटा सारखा आहे. आणि तिथं ठेवींना अडीच लाख डॉलरपर्यंत विमा असूनही हे सगळं उघडं ठेवतात. आपल्याकडं बँकेच्या ठेवीला, अगदी सहकारी बँकेच्यासुद्धा, 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. म्हणजे आकडे बघायची गरज आमच्या माणसांनाच जास्त!

तिमाहीचा आग्रह का धरतोय तेही सांगतो. मार्च आला की नवं-जुनं होतं हे कोल्हापुरात कुणाला शिकवायला नको. जुनं कर्ज नव्या कर्जातनं भरून घ्यायचं, 31 मार्चला खातं नियमित, आणि जूनपर्यंत परत हप्ता थकलेला. वर्षातनं एकदाच मार्चचा फोटो मिळत असेल तर कितीही भारी सॉफ्टवेअर असू दे, त्याला हे दिसणार कुठनं? जून, सप्टेंबर, डिसेंबरचे आकडे शेजारी ठेवले की थकबाकीतली मार्चमधली घसरण आणि नंतरची उडी सातवीतल्या पोरालाही ग्राफवर दिसेल. चांगल्या चालणाऱ्या संस्था इथं भरपूर आहेत, त्यांचाच यात फायदा आहे.

सहकार खात्याला माझी विनंती अशी, की ठेवी, कर्जं, ढोबळ एनपीए, तरतूद, थकव्याज आणि खराखुरा स्वनिधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा पैसा, एवढे सहा कॉलम तरी सगळ्या पतसंस्थांकडून दर तिमाहीला एकाच व्याख्येनं घ्यावेत आणि एक्सेलमध्येच वेबसाइटवर टाकावेत. आता बहुतेक संस्था कॉम्प्युटरवर आहेत, कोअर सॉफ्टवेअरमधनं हा रिपोर्ट काढायला वेळ लागत नाही.

तोवर वाचकांना एवढंच सांगतो, सहकार कायद्याच्या कलम 32 प्रमाणं सभासदाला शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक संस्थेच्या ऑफिसात फुकट बघता येतं, जाऊन बघा. आत्याची पावती दसऱ्याच्या आसपास संपते. त्याआधी तिच्या संस्थेची सभा आहे, ती सभासद आहे, जून अखेरची थकबाकी किती हा प्रश्न तिनं लेखी देऊन ठेवलाय.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर