डॉक्टर, त्या टिकलीबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार. मी दांडियाबाजारातली, 'वाजणारा गुडघा' घेऊन तुमच्याकडे आलेली आई.

लेक जिना चढताना गुडघा कट् वाजायचा आणि तिच्या मैत्रिणी टाळ्या पिटायच्या. एके ठिकाणी 'वाढीचं दुखणं' म्हणून कॅल्शियम मिळालं. दुसरीकडे सांगितलं, गुडघ्यातली गादी अख्खी काढून टाका, कटकट नको. सात वर्षांच्या मुलीची!

तुम्ही एमआरआय पाहिलात आणि माझ्या कपाळावरच्या चंद्रकोरीकडे बोट केलंत : 'गादी अशी हवी.' मग सासूबाईंच्या गोल कुंकवाकडे : 'हिची अशी आहे.' डिस्कॉइड मेनिस्कस हे नाव मी घरी येऊन पाठ केलं, पण कळलं होतं ते तिथेच. हे जन्मतःच असतं, बहुतेकदा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हेही तुम्ही आम्ही न विचारता सांगितलंत. सासूबाई तोवर तिच्या बाळपणीच्या बिचाऱ्या वॉकरला दोष देत होत्या. (म्हणजे, तो आणणाऱ्या मला.)

आणि मग म्हणालात, आज ऑपरेशन नाही. दुखत नाही, अडकत नाही, तोवर हात लावायचा नाही. तयारीने आलेल्या आम्हाला तुम्ही परत पाठवलंत, त्याचे आभार मला सगळ्यात आधी मानायचे आहेत.

गौरी जेवणाच्या दिवशी गुडघा अडकला. सरळच होईना. तेव्हा मात्र तुम्ही थांबला नाहीत. दुर्बिणीतून मधला भाग कोरून काढलात, कडेची 6 ते 8 मिलिमीटरची पट्टी राखलीत, मागची सुटलेली कड टाक्यांनी बसवलीत. पूर्वी अशी गादी पूर्ण काढत आणि त्यातली कित्येक मुलं तरुणपणीच झिजलेला गुडघा घेऊन परत येत, हे तुमच्याकडून ऐकलं तेव्हा त्या 'कटकट नको'ने माझ्या अंगावर काटा आला. दुसरा गुडघाही तपासलात, कारण कधी कधी दोन्हीकडे असतं. तो ठीक निघाला.

भूल उतरल्यावर तिचा पहिला प्रश्न गरब्याचा होता. 'यंदा नुसत्या टाळ्या,' म्हणालात. तिने ते हुकूम मानून नऊही रात्री सोसायटीत खुर्चीवर बसून टाळ्या दिल्या, कुबड्या शेजारी आणि ब्रेसवर आभले चिकटवलेले.

परवा जिना चढली. आवाज नाही. मैत्रिणी नाराज आहेत.

आपली कृतज्ञ,
एक आई, बडोदे