‘प्लॅस्टिकची पातळ शीट’ एवढे पुरेसे नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान आणि छंदविषयक पुरवण्यांत व्हॅक्यूम फॉर्मिंगचे, म्हणजे तापवून मऊ केलेली प्लॅस्टिकची शीट पंपाने हवा ओढून साच्यावर बसवण्याचे, प्रकल्प छापले जातात, याचा आनंदच आहे. पण साहित्याच्या यादीत ‘प्लॅस्टिकची पातळ शीट’ एवढेच असेल तर प्रकल्प तिथेच फसतो. कोणते प्लॅस्टिक आणि किती मिलिमीटर, ही दोन्ही माहिती यादीत यायलाच हवी.

नवख्यांसाठी हिप्स, म्हणजे हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, सर्वांत सोयीचे. साधारण 150 ते 175 अंश सेल्सिअसला ते नीट वळते, सहसा आधी वाळवावे लागत नाही आणि साच्यावरचे बारीक नक्षीकामही उचलते. उन्हात मात्र ते पिवळे पडून ठिसूळ होते. धक्के सोसणारी वस्तू हवी असेल तर एबीएस घ्यावे. पारदर्शक कामासाठी अनेक जण थेट पॉलिकार्बोनेट आणतात. आमच्या मते त्यांनी आधी पीईटीजी वापरून पाहावे. ते कमी उष्णतेत वळते आणि बहुधा वाळवल्याशिवाय चालते.

शीट तापताना बुडबुडे आले की उष्णता जास्त झाली असे समजून ती कमी केली जाते, आणि मग साच्याचे कोपरे भरत नाहीत. पुष्कळदा दोष ओलाव्याचा असतो. पॉलिकार्बोनेट, एबीएस, अ‍ॅक्रिलिक ही प्लॅस्टिके हवेतला ओलावा शोषतात आणि तापल्यावर त्याची आतल्या आत वाफ होते. एबीएस 75 ते 80 अंशांना काही तास वाळवावे. पॉलिकार्बोनेट 120 अंशांच्या आसपास, जाड शीट त्या मानाने जास्त वेळ. वरची संरक्षक फिल्म आधी काढावी, शीट एकमेकींना चिकटून ठेवू नयेत, आणि वाळवल्यावर लगेच वापराव्यात.

जाडीचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. 20 सेंमी लांब-रुंद आणि 10 सेंमी खोल पोकळ साचा घ्या. तोंडाचे क्षेत्रफळ 400 चौरस सेंमी. तळ आणि चार भिंती मिळून 1200. म्हणजे 1.5 मिमीची शीट सरासरी 0.5 मिमी उरते, आणि तळाच्या कोपऱ्यांत त्याहूनही पातळ. कोपरा फाटतो तो यामुळे. पंप दमदार घेऊन तो वाचत नाही. जाड शीट घ्यावी किंवा साचा उथळ करून कोपरे गोल करावेत.

पॉलिप्रॉपिलीन स्वस्त दिसले तरी सुरुवातीला टाळावे. त्याचा वळण्याचा टप्पा अगदी अरुंद असतो, शीट खूप लोंबते आणि थंड होताना दीड ते दोन टक्के आक्रसते. हिप्सचे आक्रसणे अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. झाकण आणि डबा एकमेकांत बसवायचे असतील तर हा फरक आधीच साच्यात धरावा लागतो.

सर्वांत कळकळीची विनंती सुरक्षिततेबद्दल आहे. पीव्हीसी प्रमाणाबाहेर तापले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो डोळे, घसा आणि फुप्फुसांना इजा करतो. भंगारातली नाव नसलेली शीट पीव्हीसीची असू शकते, म्हणून ती तापवू नये. अन्न शिजवण्याच्या ओव्हनमध्ये तर कोणतीच शीट घालू नये, आणि काम हवा खेळती असलेल्या जागीच करावे. मुलांसाठीच्या प्रकल्पात एवढ्या ओळी साहित्याच्या यादीलगतच, ठळक अक्षरांत छापाव्यात.

आपले,
व्हॅक्यूम फॉर्मिंगचे काम करणारे काही वाचक