बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधल्या फुलवाल्या मावशींचे आभार

परवा संध्याकाळी बाबा दांडिया बाजारातल्या घरातून कुणालाही न सांगता बाहेर पडले. हल्ली त्यांना पत्ताही आठवत नाही. आम्ही सूरसागर तलावाभोवती शोधत होतो, जीव थाऱ्यावर नव्हता.

मावशी, तुम्ही त्यांना स्वतःच्या स्टुलावर बसवलंत, बशीत चहा ओतून दिलात, खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर पाहून मला फोन केलात. पण खरं सांगायचंय ते वेगळंच. बाबा आईसाठी वेणी मागत होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी ते सांगितलं, तरी तुम्ही त्यांना तोडलं नाहीत. 'केवी जोईए, काका?' (कशी हवी, काका?) असं गुजरातीत विचारत मोगरा गुंफलात, पानात बांधून त्यांच्या हातात दिलात. पैसे घेतलेच नाहीत.

तुमचं नाव ठाऊक नाही. पूजेची फुलं आता तुमच्याकडूनच नेऊ. मनापासून आभार, मावशी.