थंडीपुरतं सेंट पीटर्सबर्ग

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर आईचा आवाज बदलला की माझं पुढचं वाक्य अडतं, म्हणून लिहितेय. न्यू जर्सीचं घर आम्ही सोडतोय, पण सांगलीला परत येण्यासाठी नाही. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला घर घेतलंय, सह्याही झाल्या. 'दोन वर्षांत येतो' असं मी पाच वर्षं म्हणत आले, ते मी विसरलेले नाही. आधी सगळं वाचा, मग रागवा.

न्यू जर्सीच्या जानेवारीत बाबांचे गुडघे धरतात आणि आई आठवडेच्या आठवडे खिडकीशी बसून असते. सेंट पीटर्सबर्गला जानेवारीत दुपारी २१ अंश, पहाटे बारा-तेरा. कधी उत्तरेचं वारं आलं तर दोन-तीन दिवस पाचाच्या आसपास उतरतं, तेवढ्यापुरती शाल पुरे. इथे ९ फेब्रुवारी १९६७ पासून सलग ७६८ दिवस ऊन पडलं, गिनेसमध्ये नोंद आहे. इथलं एक सायंदैनिक १९१० पासून ऊन न पडलेल्या दिवशीचा अंक फुकट वाटायचं. १९८६ मध्ये ते बंद पडलं, तोवर तशी वेळ तीनशेदासुद्धा आली नाही. आरोग्यनगरी वसवायची तर इथेच, असं डॉ. व्हॅन बिबर यांनी १८८५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे सांगितलं होतं, म्हणजे रेल्वे यायच्या तीन वर्षं आधी. निर्णय माझ्या सोयीचा आहेच, पण निव्वळ माझ्या सोयीचा नाही.

गाव एकेकाळी पेन्शनरांचं. पूर्वी फुटपाथवर ओळीने हिरवे बाक असायचे आणि सगळी मंडळी तिथे उन्हाला बसायची. 'म्हाताऱ्यांचं गाव' हे नाव नको म्हणून १९६० च्या दशकात ते काढले. त्या बाकांवर काळ्या लोकांना बसू देत नसत, हेही खरं. बाबा, तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगितलं.

बाबा, रस्ते तुम्हाला एका दिवसात पाठ होतील. मधोमध सेंट्रल अॅव्हेन्यू, खाडीपासून पश्चिमेकडे. 'अॅव्हेन्यू' पूर्व-पश्चिम, 'स्ट्रीट' उत्तर-दक्षिण. स्ट्रीटचे आकडे खाडीपासून पश्चिमेला वाढतात, अॅव्हेन्यूचे सेंट्रलपासून दोन्ही बाजूंना. म्हणून पत्त्यात उत्तर की दक्षिण हे पाहिल्याशिवाय निघायचं नाही. पाचवी अॅव्हेन्यू दोन आहेत. सनरनर नावाची बस २०२२ पासून डाउनटाउन ते सेंट पीट बीच जाते. बसची आणि फलाटाची उंची सारखी, पायरी चढावी लागत नाही. सकाळी खाडीवर पाण्यातून सूर्य उगवतो, संध्याकाळी बीचवर पाण्यात मावळतो. आई, दोन्ही बघायला एकच पास पुरतो.

पाण्यात मात्र माझं ऐकायचं. एप्रिलपासून उथळ वाळूत स्टिंगरे, म्हणजे पाकट मासे, दबून बसतात. वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतात. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूतून घासत सरकवायचा. हादरा लागला की ते आपणच निघून जातात. हरिपूरला संगमावर बाबा शेवटची पायरी निसरडी आहे का ते आधी स्वतः पाय टाकून बघायचे आणि मग माझं बोट ओढायचे. आता ते काम माझं. आणि आई, 'रेड टाइड'ची सूचना असेल त्या दिवशी बीच बंद. पाण्यात एक शेवाळ माजतं, त्याचं विष वाऱ्याबरोबर येतं, घसा खवखवतो आणि दमा उसळतो.

वादळांचं बाबांनी वाचलं असणार. २६ सप्टेंबर २०२४ ला हेलीन समुद्रात बरंच लांबून गेलं, तरी उधाणाचं पाणी इथल्या घरांत शिरलं. दोन आठवड्यांत मिल्टन आलं, त्याने ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल स्टेडियमचं छप्परच फाडलं. बाबा, तुम्ही कोयनेचा विसर्ग ऐकता, आयर्विन पुलाची पातळी फूट-फूट मोजता आणि मग सामान माळ्यावर टाकता. तेवढी सवड इथे नसते. उधाण काही तासांत येतं. म्हणून जिल्ह्याचे ए ते ई असे झोन केलेत आणि ए आधी रिकामा करतात. आपलं घर मधल्या उंचवट्यावर, झोन डी मध्ये आहे. तळमजला, दारात एकच पायरी. शिवाय हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तुम्ही डिसेंबरात या, मे अखेर परत जा. व्हिसाच्या सहा महिन्यांच्या मुक्कामात ते बसतं. ग्रीन कार्डाचा आग्रह मी धरणार नाही. सांगलीचं घर तुमचं, ते तसंच राहू दे.

आता तयारी. दात आणि डोळे सांगलीतच तपासून घ्या, इथल्या प्रवासी विम्यात ते नसतं. जुन्या बीपी-शुगरची नेहमीची तपासणीही नसते, अचानक बिघडलं तरच आणि तेही मर्यादेत. म्हणून फॉर्मवर काहीही लपवायचं नाही. गोळ्या तीन महिन्यांच्या, मूळ पाकिटातच, डब्यात काढून नाही. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, त्यात औषधाचं मूळ नाव. पुढचं मी इथल्या डॉक्टरांकडून लिहून घेईन. पॅरासिटामॉलला इथे अॅसिटामिनोफेन म्हणतात. दोन नावं बघून दोन्ही गोळ्या घेऊ नका.

आई, मिक्सर आणू नकोस. इथे १२० व्होल्ट. आपला मिक्सर फिरतो, पण जोर नसतो, चटणी भरडच राहते. इथला आणून ठेवलाय. शेगडी काचेची, सपाट. गोल बुडाची कढई तिच्यावर टेकत नाही, तेव्हा तुझा सपाट तवा तेवढा आण. बटण बंद केलं तरी काच तापलेलीच असते. दूध वर आलं की पातेलं उचलून बाजूला ठेवायचं, नाहीतर उतू जातं. गोडा मसाला, मेतकूट, पापड आण आणि कस्टममध्ये विचारण्याआधीच सांग. कढीपत्त्याचं पानही नको. त्यावर बसणारी बारीक कीड संत्र्यांचा रोग पसरवते, त्या रोगाने फ्लोरिडाच्या बागाच्या बागा गेल्या.

अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. व्हीलचेअर मी मागवून ठेवतेय. बाबा, नाही म्हणू नका, रांगेत तासभर उभं राहायला लागतं.

खोलीला पूर्वेची खिडकी आहे, देव तिथेच मांडू. होकार लगेच नको, दोघं बोला. फक्त आई, बाबांच्या पासपोर्टची मुदत कधी संपतेय ते आज बघून कळव.

तुमची,
मनू