पाच आखूड, एकामागून एक

प्रिय शुभे,

तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, गुडघा आहे तसाच. झालं, तब्येत संपली. फोनच करणार होते पण फोनवर तू मधेमधे बोलतेस आणि माझं मूळ सांगायचं राहून जातं, म्हणून टाइप करतेय. निवांत वाच.

शनिवारी करंझाळेला किनाऱ्यावर उभी होते, आमचा ईशान त्याची लेसर, ती एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट, घेऊन बाहेर. खारा वारा दुपारनंतर छान धरलेला. मांडवीच्या तोंडातून खनिजाची एक बार्ज बाहेर पडत होती, भरलेली, पाण्यात इतकी खाली बसलेली की कड तेवढी वर दिसत होती. आणि मला भोंगे ऐकू आले. पाच. आखूड, एकामागून एक.

माझ्या पोटात काय झालं ते तुला वेगळं सांगायला नको. मिलिंद शेजारी चहा पीत होता, म्हणाला हॉर्न मारला असेल कुणीतरी. त्याला काय सांगणार? कॅम्पात चीफसाहेबांनी आपल्याकडून ते भर उन्हात घोकून घेतलेलं नाहीये ना त्याच्याकडून! एक आखूड म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन मागे टाकलंय, आणि पाच म्हणजे बाबा रे तुझं काय चाललंय ते मला कळत नाहीये. मंग्या जेवायच्या रांगेत ताटावर पाच ठोके द्यायचा आठवतं? तेच पाच.

वारा समुद्राकडून, म्हणून मला किनाऱ्यावर लख्ख ऐकू आलं. ईशान माझ्यापेक्षा कितीतरी जवळ होता आणि तो तस्साच, सरळ, चॅनलच्या, म्हणजे बार्जच्या वाटेच्या, दिशेने. मग त्याने शिडाखालून वाकून पाहिलं, टॅक घेतला आणि माघारी फिरला. बार्ज निघून गेली. झालं काहीच नाही. अंतर भरपूर होतं असं त्याचं म्हणणं, असेलही. पण परत आल्यावर बोट वर ओढली, लाइफ जॅकेट काढलं आणि मग कानातून ते दोन इअरबड काढले, आणि मी विचारलं भोंगे ऐकलेस का, तर म्हणाला कुठले भोंगे.

तेव्हापासून हाच एक विषय डोक्यात आहे गं.

मी त्याला नियम पाच वाचून दाखवला. १९७२ चे टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यात स्वच्छ लिहिलंय की प्रत्येक जहाजाने सदैव नीट पहारा ठेवायचा, नजरेने आणि कानाने. कानाने हा शब्द कुणीतरी विचार करून घातलाय ना तिथे? आणि अरुंद चॅनलमधे तर शिडाच्या बोटीने मोठ्याला आडवं जायचंच नाही, कारण भरलेली बार्ज काही जागच्या जागी थांबत नाही. पोरगं हुशार, तुझ्यासारखंच वाद घालतं. म्हणे अभिलाष टॉमी ज्या रेसमधे गेला, त्या गोल्डन ग्लोबमधे, एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, पण गाणी चालतात, कॅसेटवरची. बरोबर आहे त्याचं. १९६८ च्या पहिल्या रेसच्या वेळी जे होतं तेवढंच वापरायचं म्हणून जीपीएस बंद आणि गाणी ऐकायची तर कॅसेट. २०१८ च्या रेसमधली टॉमीची बोट, थुरिया, इथेच आमच्या गोव्यात बांधलेली, दांडेकरांच्या यार्डात, त्यामुळे ईशानला ती सगळी कथा पाठ आहे. पण अरे, दक्षिण महासागरात आठवडेच्या आठवडे दुसरी बोट दिसत नाही, तिथे माणूस केबिनमधे कॅसेट लावतो. मांडवीच्या तोंडाशी बार्ज, मालीमच्या धक्क्यावरून सुटलेले ट्रॉलर, पर्यटकांच्या बोटी, कॅसिनोच्या फेऱ्या, तिथे कान बुजवून बसायचं म्हणजे काय! आणि केबिनमधे कॅसेट लावली तरी कान बंद होत नाहीत, गाणं हवेत असतं. माझा मुद्दा एवढाच आहे. गाण्याला माझा विरोध नाही, कधीच नव्हता.

हां, इथे तू हसलीस. मला माहितीये तू काय म्हणणार. "तूच ना ती जिने माझा ट्रान्झिस्टर पाण्यात टाकायची धमकी दिली होती?" होय, मीच. आणि आता ऐक, कारण तीस वर्षांनी माझ्याकडे पुरावा आलाय. विजयदुर्गचा, आपली होडी किल्ल्याला पोचायच्याऐवजी भलतीकडे गेली त्याचा.

बाबांचा जुना ट्रान्झिस्टर माळ्यावर सापडला, तुझ्याकडे होता तसाच, चामड्याच्या कव्हरातला. डायनिंग टेबलवर बोटीचं होकायंत्र ठेवलं आणि ट्रान्झिस्टर त्याच्याजवळ सरकवला. वीतभर अंतरावर तबकडी वीस अंश फिरली शुभे. वीस! ओहोटीची ओढ होती म्हणत होतीस ना तू? सावंतीणसुद्धा तुझ्या बाजूने बोलली होती. पाच सागरी मैल वीस अंशांनी चुकत गेलं की जवळपास पावणेदोन मैल बाजूला पडतो आपण, आणि त्या दिवशीच्या धुरकटात पावणेदोन मैलांवरचा किल्ला कसा दिसणार? मोकळ्या समुद्रात जाऊन बसलो व्हेलर, ती आपली मोठी वल्ह्या-शिडाची होडी, घेऊन, सगळा कॅम्प किनाऱ्यावर आपली वाट बघतोय, आणि तू त्या ट्रान्झिस्टरचा कान पिळत विविध भारती शोधतेयस. तुझा शेवटचा बचाव काय होता, तर तेव्हा रेडिओ बंदच होता. अगं पण त्याच्या स्पीकरमधे कायमचा लोहचुंबक असतो, तो बॅटरी काढली तरी काम करतो! टेबलवरचा पण बंदच होता. मग दुप्पट अंतरावर नेला, तबकडी जेमतेम दोन-तीन अंश. अंतर दुप्पट केलं की परिणाम आठव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे तुझा रेडिओ नुसता पुढच्या बाकाखाली ठेवला असता तरी भागलं असतं. गाणीही ऐकली असती आणि विजयदुर्गही मिळाला असता. व्हिडिओ काढलाय, पाठवते, सावंतीणला फॉरवर्ड कर.

पण एक कबूल की तो रेडिओ पाण्यावर काय वाजायचा! हॉस्टेलवर खरखर नि होडीत स्वच्छ. ते का ते मला नंतर कळलं, खाऱ्या पाण्यावरून मिडियम वेव्हच्या लहरी जमिनीपेक्षा खूप लांब जातात. त्या संध्याकाळी परत येताना तू सुकाणूवर होतीस, कुठल्या तरी फर्माईशी चालल्या होत्या, सगळी व्हेलर गप्प, आणि तरी शीड सैल पडलेलं तू ऐकलंस, न बघता दोरी ओढलीस. गाणं चालू असताना ऐकलंस! ईशानला मला हेच द्यायचंय आणि कसं द्यायचं ते कळत नाहीये.

कारण खरी काळजी बार्जची नाहीच, बार्ज तर दिसते. तो जे शिकत नाहीये त्याची काळजी आहे. वारा पडलेला असताना बोटीत फार मागे बसलं की ट्रान्समखाली, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीखाली, पाणी गुळगुळ करतं, मग सरकायचं पुढे, आवाज बंद होईपर्यंत, झाली बोट समतोल. वेग आला की सेल्फ बेलर, बोटीतलं पाणी आपोआप बाहेर काढणारी तळातली झडप, पाणी ओढताना चुळूक चुळूक करतो. अजून वेग आला की डॅगरबोर्ड, ती बोटीखाली पाण्यात उभी घातलेली फळी, गुणगुणायला लागतो, ते मांडीला पण जाणवतं. शिडाची मागची कड फडफडली की काहीतरी सांगतेय. हे कुठल्या ॲपवर नाही. चार मीटरची बोट आणि एकटा मुलगा, त्याच्याशी बोलणारं तिथे दुसरं आहे कोण? आणि तो ते बंद करून बसतो.

उलट बाजू पण सांगते, नाहीतर म्हणशील आई झाल्यावर ही अशी झाली. मंद वाऱ्यात तो गाणी लावून अप्रतिम चालवतो. मी बघितलंय. मंद वाऱ्यात हललं की गेलं, दगडासारखं बसावं लागतं, आणि पंधरा वर्षांचं पोर इतका वेळ स्थिर कसं बसेल? गाण्याने बसतो. त्याच्या क्लबातली बाकीची मुलं अशा वेळी चुळबुळ करून बोट थांबवतात. म्हणजे ते गाणं त्याला काहीतरी देतंयच, आणि मी नुसतं "बंद" म्हटलं तर ते पण जाणार. मिलिंद म्हणतो एका कानात ठेव. पण एका कानाने आवाज कुठल्या बाजूने आला ते कळत नाही, आणि समुद्रावर तेच तर कळायला हवं.

सध्या तह असा झालाय की चॅनलच्या बाजूला जाताना कान मोकळे, आणि लांब आतल्या बाजूला, करंझाळेच्या समोर, छोटा स्पीकर चालेल, डोलकाठीजवळ पिशवीत बांधून. इअरबड अजिबात नाही. ऐकतोय, पण तोंड वाकडं करून. पुढच्या वर्षी त्याला मोठ्या बोटीवर कोस्टने मुंबईपर्यंत जायचंय, तेव्हा मी किनाऱ्यावर उभी नसणार.

बरं, तुझं काय? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, दुसऱ्या डोळ्याला लगेच करू नका म्हणावं. गार्गीचं ॲडमिशन बघितलं स्टेटसवर, मस्त, तिला सांग मावशी खूश आहे. बिल्डिंगचं अजून तेच का, भाडं वेळेवर देतात ना? सविस्तर लिही, मी तुझ्यासारखं मधे बोलणार नाही.

आणि ये. खरंच ये. डिसेंबरात ये, ठाण्यालाच कोकणकन्या पकड, सकाळी करमळीला मी घ्यायला येते. ईशान माझं ऐकत नाही पण तुझं ऐकेल, विजयदुर्गची गोष्ट त्याला तुझ्या बाजूनेच माहितीये. सकाळी मतलई वारा असतो तासभर, मऊ, तेव्हा त्याला घेऊन बस क्लबच्या मोठ्या बोटीत, स्पीकर लाव हवा तो, आणि ते न बघता दोरी ओढण्याचं दाखव त्याला एकदा. मला शब्दात सांगता येत नाही, तू हाताने दाखवशील. होकायंत्राच्या जवळ काही ठेवू नकोस म्हणजे झालं.

तारीख लवकर कळव, नाताळच्या आसपास तिकिटं लगेच जातात.

तुझी,
नीला