रिकर्शनची सुरुवात फॅक्टोरियलने नको

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

प्रोग्रॅमिंग कोणत्या इयत्तेपासून शिकवावे आणि कोणत्या भाषेतून शिकवावे, यावर वर्तमानपत्रांत बरेच लिहून येते. ते कसे शिकवावे यावर मात्र क्वचितच कोणी लिहिते. मी महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. आज त्यातल्या एकाच घटकाबद्दल लिहिते आहे, कारण हुशार, कष्टाळू मुले त्या घटकापाशी आली की ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे ठरवून टाकताना मी दर वर्षी पाहते. तो घटक म्हणजे रिकर्शन, म्हणजे एखाद्या फंक्शनने (एक ठरावीक काम करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याने) आपले काम करताना स्वतःलाच बोलावणे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठे काम हातात आले की त्याच जातीचे, पण लहान काम त्यातून वेगळे काढायचे. ते सोडवून घ्यायचे आणि त्याच्या उत्तरावरून मोठ्या कामाचे उत्तर तयार करायचे. असे लहान करत गेले की शेवटी काम इतके लहान होते की त्याचे उत्तर आपोआपच माहीत असते. तिथे थांबायचे. त्या थांब्याला बेस केस म्हणतात. कल्पना एवढीच आहे.

बहुतेक पुस्तकांत ही कल्पना फंक्शनच्या प्रकरणाच्या शेवटी, एक-दोन पानांत उरकलेली असते आणि उदाहरण ठरलेले असते: फॅक्टोरियल. ५ चा फॅक्टोरियल म्हणजे ५ गुणिले ४ चा फॅक्टोरियल, आणि तसेच खाली १ पर्यंत. मुलांनी हाच फॅक्टोरियल थोड्याच दिवसांपूर्वी लूपने, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवून, काढलेला असतो, तोही तीन-चार ओळींत. मग ती विचारतात, लूप असताना हे कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की इथे रिकर्शनची काहीच गरज नाही. पायथन या भाषेत तर रिकर्शनच्या खोलीवर, म्हणजे फंक्शनने एकात एक किती वेळा स्वतःला बोलवावे यावर, मुळातच १००० ची मर्यादा घातलेली असते. १ ते ५००० ची बेरीज रिकर्शनने करायला गेलात तर प्रोग्रॅम त्रुटी दाखवून थांबतो, आणि लूप तेच काम डोळ्याचे पाते लवायच्या आत करतो. जिथे हे साधन वापरू नये नेमके तिथेच आपण ते मुलांच्या हातात पहिल्यांदा देतो, आणि नंतर मुलांना त्याचे महत्त्व कळत नाही म्हणून तक्रार करतो.

दुसरे नुकसान याहून मोठे आहे आणि ते चटकन दिसत नाही. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम पाहून मूल मनाशी असे चित्र बांधते की फंक्शन शेवटच्या ओळीपाशी आले की उडी मारून पुन्हा पहिल्या ओळीवर जाते. म्हणजे लूपच, फक्त वेगळ्या लिखाणाचे. संशोधक हँक काह्नी यांनी १९८३ मध्ये नवशिक्यांच्या मनातल्या रिकर्शनच्या कल्पना तपासल्या तेव्हाही बऱ्याच जणांच्या डोक्यात हेच लूपचे चित्र आढळले होते. फॅक्टोरियलपुरते या चुकीच्या चित्राने उत्तर बरोबर येते, आणि म्हणूनच ते मनात घट्ट बसते.

हे चित्र कोणाच्या मनात आहे हे ओळखायला मी एक प्रश्न विचारते. शिक्षकांनी तो आपल्या वर्गात जरूर विचारून पाहावा. ‘मोज’ नावाचे फंक्शन घ्या. त्याला एक आकडा द्यायचा. आकडा शून्य असेल तर काही न करता परत यायचे. नाहीतर आकडा छापायचा, मग एकाने लहान आकडा देऊन ‘मोज’ला बोलवायचे, आणि तिकडून परत आल्यावर आपला आकडा पुन्हा छापायचा. ‘मोज’ला ३ दिला तर पडद्यावर काय दिसेल? उत्तर आहे ३, २, १, १, २, ३. लूपचे चित्र डोक्यात असलेली मुले ३, २, १ लिहून थांबतात, कारण परतीचा प्रवास त्यांच्या चित्रात नसतोच. यांतली कित्येक मुले फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम न अडखळता लिहून देतात.

मग सुरुवात कुठून करावी? माझे मत असे, की ज्या गोष्टीच्या पोटात तशीच लहान गोष्ट असते तिथून. संगणकावरचा फोल्डर हे त्याचे सगळ्यांत जवळचे उदाहरण. फोल्डरमध्ये फाइल्स असतात, शिवाय फोल्डर असतात, त्या फोल्डरांत पुन्हा फाइल्स आणि फोल्डर. प्रश्न एवढाच: या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्स मिळून किती जागा व्यापतात?

मुले उत्साहाने लूप लिहू लागतात. फाइल आली की तिचा आकार बेरजेत मिळवायचा. फोल्डर आला की लूपच्या आत दुसरा लूप. त्याच्या आत फोल्डर निघाला की तिसरा. थोड्या वेळाने कोणीतरी मान वर करून विचारते, “मॅडम, पण आत किती पातळ्या आहेत हे आधी कुठे माहीत आहे? लूप लिहायचे तरी किती?” हा प्रश्न मुलांकडून यायलाच हवा. तो येईपर्यंत मी रिकर्शनचे नावही काढत नाही. तो आला की म्हणते, कोणत्याही फोल्डरचा आकार सांगणारे एक फंक्शन आपल्याकडे तयार आहे असे समजा. मग आतला फोल्डर दिसला की काय कराल? “त्याच फंक्शनला विचारू.” मग ते दुसऱ्या लूपच्या जागी लिहा. आता ही ओळ ज्या फंक्शनात लिहिली, त्याचे काम काय? फोल्डरचा आकार सांगणे. म्हणजे जे तयार आहे असे समजलो होतो ते हेच. आणि इथे बेस केस वेगळी लिहावीसुद्धा लागत नाही. ज्या फोल्डरच्या पोटात फोल्डर नाही तिथे पुढचा कॉल, म्हणजे फंक्शनला पुन्हा बोलावणे, होतच नाही.

त्यानंतर संगणक बंद करून वर्गातच हा प्रोग्रॅम चालवायचा. प्रत्येक मुलाच्या हातात एका फोल्डरची चिठ्ठी. पहिल्या मुलीच्या चिठ्ठीवर ३ आणि ५ आकाराच्या दोन फाइल्स आणि दोन फोल्डरांची नावे आहेत. ती आपल्या चिठ्ठीवर ८ लिहिते आणि पहिल्या फोल्डरसाठी एका मुलाला विचारते. तो म्हणतो ४. ती ८ चे १२ करते आणि दुसऱ्या फोल्डरसाठी आणखी एका मुलीला विचारते. त्या मुलीकडे स्वतःचे ६ आहेत, शिवाय एक फोल्डर आहे, म्हणून ती पुढच्याला विचारते आणि थांबून राहते. तो ४ सांगतो, ती १० सांगते, आणि पहिली मुलगी २२ जाहीर करते. या सगळ्या वेळात पहिलीच्या चिठ्ठीवरचा १२ चा आकडा कोणी पुसलेला नसतो. सगळे एकच नियम पाळत असले तरी चिठ्ठी ज्याची त्याची असते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल ‘मोज’च्या प्रश्नात परतीचे १, २, ३ सहसा विसरत नाही. अर्धवट कामाच्या चिठ्ठ्या हातात धरून थांबलेल्या या मुलांची रांग म्हणजेच स्टॅक, हे मग सांगावे. स्टॅकच्या आधारे रिकर्शन यंत्रावर कसे चालवायचे हे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० मध्ये मांडले, हेही सांगावे. स्टॅकची आकृती फळ्यावर काढून सुरुवात केली तर मुलांना चौकटी तेवढ्या पाठ होतात.

समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांची उपमा पुष्कळ जण देतात. ती देऊ नये असे मला मनापासून वाटते. आरशांतल्या प्रतिमांना शेवट नाही आणि तिथून उत्तर घेऊन कोणी परतही येत नाही. थांबणे आणि परतणे, रिकर्शनमध्ये मुलांना नेमक्या ज्या दोन गोष्टी अवघड जातात, त्याच तिथे गायब आहेत.

एकदा चिठ्ठ्यांचा खेळ झाला की प्रत्येक कॉल शेवटपर्यंत तपासत बसण्याची सवय सोडवावी लागते. याला माझा सर्वाधिक वेळ जातो आणि तो जायलाच हवा. हॅनोईच्या मनोऱ्याचे कोडे एदुआर लुकास यांनी १८८३ मध्ये मांडले: तीन खांब, एका खांबावर लहान-मोठ्या चकत्यांची चळत, ती दुसऱ्या खांबावर न्यायची, पण एका वेळी एकच चकती हलवायची आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. ३ चकत्यांना ७ चाली लागतात, १० चकत्यांना १०२३. दहा चकत्यांच्या चाली मनात धरून ठेवू पाहणारे मूल हरणारच. मी सांगते, वरच्या ९ चकत्या मधल्या खांबावर गेल्या असे धरा, सर्वांत मोठी हलवा, मग त्या ९ तिच्यावर आणा. ९ कशा गेल्या ते विचारू नका. लहान कामाचे उत्तर बरोबर येते असे धरून मोठ्याचे बरोबर येते का आणि सर्वांत लहान कामाचे उत्तर खरेच बरोबर आहे का, एवढेच तपासा. गणिती विगमनाने सिद्धता देताना आपण हेच करतो, आणि ती मुलांनी गणितात केलेली असते. दोन तासिकांमधली भिंत मात्र कोणी पाडलेली नसते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांकडे आणखी एक भांडवल असते, ते म्हणजे वृत्तांची ओळख. लघू अक्षराची १ मात्रा, गुरूच्या २. तर ४ मात्रांच्या ओळीचे किती प्रकार? ओळीचे शेवटचे अक्षर लघू असेल तर त्याआधी ३ मात्रा उरतात, गुरू असेल तर २. म्हणून ३ मात्रांचे ३ आणि २ मात्रांचे २ असे मिळून ५ प्रकार. पुस्तकांत फिबोनाची म्हणून येणारी श्रेणी ती हीच. विरहांक आणि बाराव्या शतकातले हेमचंद्र यांनी ती छंदांच्या अभ्यासात फिबोनाचीच्या आधी मांडली होती. या उदाहरणात ‘दोन लहान कामे मिळून मोठे’ हे नियम म्हणून पाठ करावे लागत नाही, मुलांना ते स्वतःच सुचते. पुढचा धडाही यातच दडलेला आहे. ३० मात्रांचे १३,४६,२६९ प्रकार हे साधे फंक्शन मोजून देते खरे, पण त्यासाठी स्वतःला धरून २६,९२,५३७ कॉल होतात, कारण तेच ते लहान प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवले जातात. एकदा काढलेले उत्तर टिपून ठेवा म्हटले की तेच काम जेमतेम ३० बेरजांत होते.

आणि पिंगल! १० अक्षरांच्या ओळीचे लघू-गुरूंनी होणारे प्रकार म्हणजे २ चा १० वा घात. तो काढायची पिंगलाच्या छंदःशास्त्रातली रीत अशी: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, शून्यापर्यंत जा, तिथे १ धरा आणि आल्या वाटेने परत फिरा. परतताना जिथे एक वजा केला होता तिथे दुप्पट करा, जिथे निम्मे केले होते तिथे वर्ग करा. १० वरून ५, ४, २, १, ०. आणि परत येताना १ वरून २, ४, १६, ३२, १०२४. दहा गुणाकारांच्या जागी पाच. खाली जाणे, थांबणे आणि परत येणे असे सगळे रिकर्शन यात आहे, आणि हे उदाहरण एकाही पाठ्यपुस्तकात देऊ नये असे काहीच कारण नाही.

उद्योगात काम करणारे काही जण म्हणतात, आम्हाला आयुष्यात रिकर्शन लागले नाही, मुलांना कशाला छळता? जुन्या पिढीचे मी समजू शकते. फोर्ट्रान या जुन्या भाषेच्या १९७७ च्या मानकात फंक्शनला स्वतःला बोलावण्याची मुभाच नव्हती, ती फोर्ट्रान ९० मध्ये आली. पण आजचे वेबपान म्हणजे घटकांच्या पोटात घटक असलेले झाड आहे, आणि आपला प्रोग्रॅम वाचणारा कंपायलर कंसांतले कंस असेच उलगडतो. अशा झाडांची खोलीही फार नसते. १० लाख नोंदी असलेल्या समतोल द्विशाखी झाडात (जिथे प्रत्येक नोंदीला जास्तीत जास्त दोन फांद्या असतात) सुमारे २० पातळ्या असतात, त्यामुळे पायथनच्या १००० च्या मर्यादेची तिथे काळजीच नाही. टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितले आहे की क्रम लावण्याची आपली पद्धत आधी समजावून सांगणे आपल्याला फार जड जात होते. १९६१ मध्ये ब्रायटन इथल्या वर्गात अल्गोल ६० ही भाषा शिकताना रिकर्शन कळले आणि ती लिहिण्याची वाट दिसली. ती पद्धत म्हणजे क्विकसॉर्ट. पद्धत ज्याने शोधली त्यालासुद्धा या साधनावाचून ती मांडता येत नव्हती, तर आपल्या मुलांना आपण त्यापासून दूर का ठेवावे?

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे. रिकर्शनला फंक्शनच्या प्रकरणाच्या शेपटातून बाहेर काढा आणि निदान दोन आठवडे द्या. ‘रिकर्शन आणि लूप यांतील फरक लिहा’ हा पाठांतराचा प्रश्न बंद करा. त्याऐवजी एका फोल्डरची रचना द्या आणि त्यातली सर्वांत मोठी फाइल शोधणारे फंक्शन लिहायला सांगा. नाहीतर फंक्शन अर्धे लिहून द्या, लहान कामाचे उत्तर हातात आले आहे असे धरायला सांगा आणि उरलेली ओळ मुलांकडून लिहून घ्या. फॅक्टोरियल ठेवायचाच असेल तर शेवटी ठेवा आणि त्यासोबत विचारा, की इथे लूप का बरा?

आपली,
संगणकशास्त्राची एक शिक्षिका