भुकेला दटावून ती कमी होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लठ्ठपणाविषयी आपल्याकडे जे बोलले आणि छापले जाते, त्यात ‘खाण्यावर ताबा ठेवा’ हे वाक्य हमखास असते. नागपुरात तीस वर्षे जीवशास्त्र शिकवताना मीही ते कितीतरी मुलांना ऐकवले आहे. ते अपुरे आहे आणि काही मुलांना त्याने अपायच होतो, हे मला फार उशिरा उमगले. म्हणून हे पत्र.

माझी भाची दहावीला आमच्याकडे मानेवाड्याला राहत होती. तिच्या शाळेतील आरोग्य तपासणीत सगळ्यांची वजने वर्गासमोर मोठ्याने वाचली गेली. तिचा आकडा ऐकून मुले हसली आणि त्या दिवसापासून तिने रात्रीचे जेवण सोडले. घरात आम्ही तिचे कौतुकच केले. दिवाळीनंतर एका रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले, तर ही स्वयंपाकघरात अंधारात फरशीवर बसलेली. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून चिवड्याचा डबा तिने ओढणीत धरून उघडला होता आणि अनारशांचा डबा रिकामा होऊन बाजूला पडला होता. ती भराभर खात होती, पण चव लागत असल्याची कोणतीही खूण तिच्या चेहऱ्यावर नव्हती. ‘मावशी, मला थांबताच येत नाही गं,’ एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी फडताळाला कुलूप लावले. आज त्या कुलपाची मला लाज वाटते.

या आजाराला ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ म्हणतात. थोड्या वेळात खूप खाणे, खाताना आपला ताबा सुटला आहे असे वाटणे, पोट दुखेपर्यंत आणि बहुधा एकट्यानेच खाणे, नंतर स्वतःची किळस येणे आणि हे सारे आठवड्यातून एकदा तरी, असे निदान तीन महिने चालणे, ही त्याची लक्षणे होत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1959 मध्येच अशा खाण्याचे वर्णन केले होते. मात्र अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत स्वतंत्र आजार म्हणून त्याला स्थान मिळायला 2013 साल उजाडले. लठ्ठ असलेल्या प्रत्येकाला हा आजार असतो असे नाही आणि ज्याला हा आजार आहे तो लठ्ठ असतोच असेही नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

उपासमारीने माणसाचे काय होते, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर तपासले. सुमारे सहा महिने त्यांना इतके कमी अन्न देण्यात आले की त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. अन्नाविषयी विशेष ओढ नसलेले ते तरुण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटातला घास तासन्‌तास पुरवून खाऊ लागले. आणि पुन्हा पोटभर जेवण मिळू लागल्यावर त्यांच्यापैकी काहींना कितीही खाल्ले तरी तृप्ती होईना. हे वाचताना मला आमचे स्वयंपाकघर दिसले. जेवण तोडलेल्या मुलीला आम्ही संयमी समजत होतो आणि तिचे शरीर मात्र दुष्काळ पडल्यासारखे वागत होते.

शरीराला हा दुष्काळ कसा कळतो, याचा मोठा उलगडा 1994 मध्ये झाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने, अतोनात खाणाऱ्या एका जातीच्या लठ्ठ उंदरांमध्ये कोणते जनुक बिघडलेले असते ते शोधून काढले. त्या जनुकापासून बनणारे लेप्टिन हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून रक्तात येते आणि मेंदूतील हायपोथॅलॅमसला, म्हणजे भुकेवर लक्ष ठेवणाऱ्या भागाला, चरबीच्या शिल्लक साठ्याची वर्दी देते. ही वर्दी मुळीच मिळाली नाही तर काय होते, हे 1997 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले. एकाच कुटुंबातील दोन मुलांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हते. आठ वर्षांच्या मुलीचे वजन 86 किलो होते, तर दोन वर्षांच्या मुलाचे 29. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर तिची भूक शमली आणि वजन उतरले. तिला कोणी संयम शिकवला नव्हता. असा जनुकीय दोष अतिशय दुर्मीळ आहे आणि बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन उलट भरपूर असते, मेंदू त्याला दाद देत नाही. त्यामुळे लेप्टिन हे लठ्ठपणावरचे सरसकट औषध ठरले नाही. पण भूक ही स्वभावातली खोट नव्हे, ती रक्तातून चालणारी यंत्रणा आहे, हे त्यातून कायमचे सिद्ध झाले.

वजन घटवल्यावर ही यंत्रणा स्वस्थ बसत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिले की आहार तोडून वजन कमी केल्यानंतर वर्ष उलटले तरी लेप्टिन उतरलेले, भूक चेतवणारे घ्रेलिन चढलेले आणि भूक पूर्वीपेक्षा जास्त, अशी अवस्था टिकून राहते. ‘एका महिन्यात दहा किलो’ अशा जाहिराती छापल्या जातात, तेव्हा त्या वर्षाविषयी कोणी बोलत नाही. वजन घटवण्यासाठी हल्ली निघालेल्या नव्या इंजेक्शनांमुळे भूक आवरते हे खरे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची औषधे आहेत, आणि त्यांचा खर्च आमच्यासारख्यांच्या आवाक्यातला नाही.

मग खाणाऱ्याच्या हाती काहीच नाही का? आहे, पण ताटात काय येते, यावरही बरेच अवलंबून आहे. 2019 मध्ये अमेरिकेतील संशोधक केव्हिन हॉल यांनी 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे, घरच्यासारखे अन्न हवे तितके खाऊ दिले. कारखान्यातले पदार्थ समोर असताना तीच माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी अधिक खात होती. शाळेच्या फाटकाबाहेर पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकत असतात, त्यांच्याविषयी आपण मुलांना दटावण्याइतक्या तळमळीने बोलत नाही.

माझी शाळांना विनंती आहे की मुलांची वजने आडोशाला घ्यावीत आणि आकडा बंद पाकिटातून फक्त पालकांना कळवावा. आपल्या दैनिकाने लठ्ठ माणसांचे चेहरा वगळून नुसते पोट दाखवणारे फोटो छापू नयेत. आणि डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बोट दाखवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: एकट्याने, लपून खाता का? खाताना थांबता येते का? आम्ही भाचीला तीन ठिकाणी दाखवले. तिन्ही ठिकाणी आहाराचा छापील कागद मिळाला. चौथ्या डॉक्टरबाईंनी हे दोन प्रश्न विचारले, तेव्हा ती आधी खूप रडली आणि मग तासभर बोलत राहिली.

आपली,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
मानेवाडा, नागपूर